उरोदा

लॉजच्या पायऱ्या उतरता उतरता त्या बाई मधेच थबकल्या. एका हातानं कठडा धरून माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "याका उरोदा!"

नमस्कारासाठी जोडलेले माझे हात तसेच राहिले.

मी तेव्हा कोल्हापुरात रशियन शिकवायची. पोलिश मला येत नव्हतं. पण या दोन भाषा एकाच घरातल्या, एक येत असली की दुसरी थोडीफार कळते. ‘याका’ म्हणजे ‘केवढी’, ‘कसली’. आणि ‘उरोदा’ कळायला तर काहीच कष्ट नव्हते. रशियनमध्ये ‘उरोद’ म्हणजे विद्रूप माणूस, जन्मतःच बिघडलेला. ‘उरोदा’ हे त्याच शब्दाचं एक रूप. शिवी म्हणूनही देतात.

माझ्या डाव्या डोळ्याखालून थेट गळ्यापर्यंत जन्मापासूनचा डाग आहे. आमसुलाच्या पाण्याचा रंग असतो ना, तसा. तिशी उलटेपर्यंत त्याबद्दल मी काय काय ऐकलं नव्हतं! पाहायला आलेल्यांकडून ऐकलं, वर्गातल्या मागच्या बाकांवरून ऐकलं. पण ते सगळं मराठीत. रशियनमध्ये मला कधी कुणी टोचून बोललं नव्हतं. खरं सांगायचं तर म्हणूनच त्या भाषेत मी इतकी रमले होते. आणि आज त्याच गोतावळ्यातली एक म्हातारी, ओळख व्हायच्या आधीच, भर रस्त्यात मला ते ऐकवत होती.

"मी पद्मा चौगुले. आज मी तुमच्याबरोबर आहे," मी रशियनमधून म्हटलं. "आपण रशियनमध्ये बोललो तर चालेल?"

त्यांचा चेहरा एकदम मिटला. मान हलवून त्यांनी पोलिशमध्ये काहीतरी उत्तर दिलं आणि जीपकडे बोट दाखवलं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले होते. त्या मुलांपैकी काही जण आता म्हातारपणी आपलं लहानपण शोधत परत आले होते. त्यांच्याबरोबर पोलिश जाणणारा एक दुभाष्या होता. पण तो सगळ्यांना घेऊन पन्हाळ्याला निघाला होता. पायरीवर थबकलेल्या या हालिनाबाईंना पन्हाळा नको होता. त्यांना छावणीची जागा बघायची होती आणि मग दफनभूमीत जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर सगळ्यांची परतीची गाडी.

या भेटीची व्यवस्था बघणाऱ्या हेरवाडकर सरांनी मला गळ घातली होती. "पोलिश आणि रशियन सख्ख्या बहिणी गं. जमेल तुला."

"सर, सख्ख्या बहिणींचंच सगळ्यांत कमी जमतं," मी म्हणाले होते. सर हसले होते.

जीपमध्ये मी रशियनमधून रस्ता सांगत होते, ही पंचगंगा, हा ऊस, ही गुऱ्हाळाची धुराडी. त्यांना सगळं कळत होतं. मी ‘डावीकडे’ म्हटलं की त्या डावीकडे बघायच्या. उत्तर मात्र दर वेळी पोलिशमध्ये. माझी भाषा त्यांना कळतही होती आणि तोंडात घ्यायची नव्हती. असेल गर्व, मी मनात म्हटलं. इतक्या लांब येऊनही काही माणसं आपला पाट बरोबरच आणतात.

छावणीच्या जागेवर आता गांधीनगरची कापडाची दुकानं. चादरींच्या गठ्ठ्यांमधून, उभ्या हातगाड्यांमधून वाट काढत हालिनाबाई फिरल्या. एका दुकानाच्या दाराशी थांबून त्यांनी बोटानं हवेत चौकोन काढला: इथं दार, इथं खिडकी, इथं आईचं शिवणयंत्र. दुकानदाराला वाटलं, बाईंना पडद्याचं कापड हवंय. तो माप घ्यायला टेप घेऊन आला. त्या हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं.

दुपारचं जेवण वळिवडे गावात आक्काताई मगदुमांकडे होतं. आक्काताई साठी उलटलेल्या. लहानपणी आईबरोबर छावणीत दूध घालायला जायच्या, म्हणून सरांनी त्यांना गाठलं होतं. अंगणात पाट मांडलेले, दारात शेवंती फुललेली. हालिनाबाईंनी अंगणात पाऊल टाकलं आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "दूध! ताजं दूध! किती पैसा?"

आक्काताईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "अगं बया! ही आमच्यासारकं बोलतीया की!"

तेवढंच मराठी होतं त्यांचं. आणखी ‘चला’ आणि ‘नको’. पण दोन म्हाताऱ्यांना ते पुरलं. हाताला हात धरून दोघी बसल्या. पोलिशमध्ये बाईमाणसाला मानानं हाक मारायची तर नावाआधी ‘पानी’ लावतात. हालिनाबाई मला काही विचारायच्या तर सुरुवात "पानी पद्मा" अशी करायच्या, आणि आक्काताईंची सून लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन यायची. पाहुणीनं मोठ्या अदबीनं दर वेळी पेला रिकामा केला.

"लई तहान लागतीया हिला," आक्काताई माझ्या कानात म्हणाल्या. "थंड मुलखातली न्हवं, सोसंना हितलं ऊन."

मी खुलासा केला तेव्हा सून पदरात तोंड घालून हसली. मी रशियनमध्ये सांगितलं तशा हालिनाबाईही पोट धरून हसल्या. क्षणभर मला वाटलं, जाऊ दे. म्हातारं माणूस, सकाळी गेलं असेल तोंडून.

वाढता वाढता आक्काताईंनी माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खेड्यात अशीच चौकशी करतात.

"गिराणात आईनं काय चिरलं-बिरलं हुतं काय गं तुज्या?"

"नाही हो आक्काताई. जन्मखूण आहे."

"लगीन?"

"नाही झालं."

"हं," म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

हालिनाबाई हे बघत होत्या. शब्द कळले नसतील, पण हनुवटी धरलेली दिसली होती. त्या पुढे झुकल्या, तळहात माझ्या डागापाशी आणला, अगदी टेकवला नाही, आणि आक्काताईंना समजावल्यासारखं सावकाश म्हणाल्या, "उरोदा. याका उरोदा."

"काय म्हनली?" आक्काताईंनी मला विचारलं.

दुभाष्याचं काम असं विचित्र. तोंडावर थुंकलेलंही त्यानंच उचलून पुढं द्यायचं. मी घास ताटात ठेवला.

"माझ्या तोंडाबद्दल बोलतायत," मी म्हटलं. "कुरूप म्हणतायत. सकाळपासून दुसऱ्यांदा."

सून जागच्या जागी थिजली. आक्काताईंनी भाकरीचं टोपलं धाडकन खाली ठेवलं.

"आगं ए!" त्या थेट मराठीतच पाहुणीवर तुटून पडल्या. "पावनी असशील तुज्या घरची! हिच्या तोंडाला काय धाड भरलीया? शिकली-सवरलेली पोर, तुज्यासाठी दीस घालवतीया आन् तू तिला नावं ठिवतीस? आमच्या दुधावर वाढलीस न्हवं गं तू?"

दोनच मिनिटांपूर्वी हीच बाई माझ्या आईचं ग्रहण काढत होती. आता ती माझ्यासाठी पदर खोचून उभी होती. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. त्यातलं रडू जिंकलं.

"त्सो? त्सो?" हालिनाबाई घाबरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. काय झालं, काय?

मी उठले. रशियनमध्ये म्हणाले, "तो शब्द मला येतो. मी वर्गात शिकवते तो. मी उरोद आहे हे मला आरशानं सांगितलंय, तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही. दफनभूमीत ड्रायव्हर नेईल तुम्हाला. मी बसनं जाते."

चपला पायात सरकवून मी फाटकापर्यंत पोचले होते, तोच मागून हाक आली.

"थांब! देवासाठी थांब! मी तसं नाही म्हणाले!"

रशियन होती ती. स्वच्छ, उच्चारात कुठे पोलिशचा वास नाही. पण लहान मुलीची रशियन. क्रियापदं चुकलेली, शब्द साधे, रस्त्यावरचे; जणू नऊ-दहा वर्षांची एखादी पोर सत्तरीच्या घशातून बोलत होती.

मी वळले. हालिनाबाई अनवाणी अंगणात उभ्या होत्या. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्याच तोंडावर ठेवले होते. आपल्याच तोंडातून काय बाहेर पडलं याची त्यांना धास्ती बसली असावी.

"तुम्हाला रशियन येतं," मी म्हणाले.

"येतं. बोलत नाही." त्या धापा टाकत होत्या. "रशियातून सुटून कॅस्पियन समुद्र ओलांडला त्या दिवशी ठरवलं. वडील तिकडेच पुरले होते. म्हटलं, आता ही भाषा या तोंडात नाही. पुढे पोलंडमध्ये सगळीकडे तीच होती, कचेरीत, शाळेत. मी मुकी राहिले. नोकरी गेली, तरी मुकी." त्यांनी माझं मनगट धरलं. "आमच्यात उरोदा म्हणजे रूप. सौंदर्य. मी म्हणाले, काय रूप आहे! तुला बघून म्हणाले."

समजूत काढतायत, असंच मला वाटलं. लोक काढतात. कोण कुठली भाषा, तिच्यात कोणता शब्द काय, मी कुठं ताडून बघणार होते?

माझ्या चेहऱ्यावर ते त्यांनी वाचलं असावं. त्यांनी मनगट सोडलं नाही. रस्त्यावरून उसानं भरलेली बैलगाडी जात होती, तिच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आणि ते काय आहे, माहितीय? तेही उरोदा. माझा नवरा स्लोव्हाक होता, डोंगराच्या पलीकडचा. त्याच्याकडे ऊरोदा म्हणजे पीक. आमच्या लग्नात माझी आत्या त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, उरोदा बघितलीस का? ती माझ्याबद्दल बोलत होती. आणि तो खिडकीतून शेताकडे बघून म्हणतो, हो, यंदा पाऊस बरा झाला, बटाटे चांगले आलेत."

मला हसू फुटलं. अशी गोष्ट कुणी समजूत काढायला रचत नाही.

"रोद म्हणजे जन्म, कूळ. तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जन्मानं जे पदरात पडतं ते उरोदा. त्यांनी त्याची शिवी केली, आम्ही रूप केलं, माझ्या नवऱ्याच्या गावानं बटाटे केले."

मी आक्काताईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला तिखट नजरेनं तपासलं, मग पाहुणीला.

"मंजी शिवी न्हाई?"

"नाही."

"मग बस की गं जेवायला! भाकरी गार हुतीया." आणि हालिनाबाईंच्या पाठीवर थाप मारून त्या ओशाळवाणं हसल्या. निघताना त्यांनी दारातली शेवंती ओंजळभर खुडून पाहुणीच्या रुमालात बांधली.

दफनभूमीत दुपार कलली होती. पोलिश कबरी एका कोपऱ्यात, ओळीनं. हालिनाबाईंना शोधावं लागलं नाही. एका छोट्या कबरीपाशी त्या थांबल्या, गुडघे टेकले, रुमाल सोडून शेवंतीचं एकेक फूल दगडावर मांडत बसल्या. मी दोन पावलं मागं उभी होते.

"ये," त्या रशियनमध्येच म्हणाल्या. "ही झोशा. माझी धाकटी बहीण. हिला इथं होता." त्यांनी स्वतःच्या कपाळावरून डोळ्यापर्यंत बोट फिरवलं. "तुझ्याच रंगाचा."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"रशियनांनी आम्हाला घरातून उचलून उत्तरेच्या जंगलात नेलं तेव्हा ती चार वर्षांची होती. लाकूडतोडीची वस्ती. भाकरीच्या रांगेत एक पहारेकरी उभा असायचा. पहिल्याच दिवशी तिला बघून तो दुसऱ्याला म्हणाला, ‘पस्मत्री ना उरोदा.’"

बघ ते विद्रूप ध्यान. मला भाषांतराची गरज नव्हती.

"झोशानं आईला विचारलं, तो काय म्हणाला? आईला थोडं रशियन येत होतं. ती म्हणाली, ‘त्याला आपली भाषा येते, राजा. तो म्हणतोय, बघा, काय रूप आहे!’"

बोलता बोलता त्यांचा हात थांबला.

"तेव्हापासून कुणीही उरोद म्हटलं की झोशा हसायची. फ्रॉक दोन्ही बाजूंनी धरून गुडघ्यात वाकायची, मोठ्या घरच्या मुली वाकतात तशी. लोक गोंधळायचे. एकदा त्या पहारेकऱ्यानं काय करावं हे न सुचून चक्क टोपी काढली. नंतर तो कधी बोलला नाही. रांगेत तिला पुढं घ्यायचा."

"आईनं वाचवलं तिला," मी म्हणाले.

"आईही हेच म्हणायची. ऐंशी वर्षं जगली. येईल त्याला सांगायची: माझ्या झोशासाठी मी सगळ्या रशियाला फसवलं. माझी पोर मरेपर्यंत स्वतःला रूपवान समजत होती. हे सांगताना आईचा चेहरा बघायला हवा होतास."

मला वाटलं, संपलं.

"इथं आल्यावर तिला विषमज्वर झाला. छावणीच्या इस्पितळात आई खुर्चीतच झोपी गेली होती. मी झोशाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. ती म्हणाली, ‘हाला, त्यांच्यात उरोदा म्हणजे काय ते मला माहीत आहे.’ मी म्हटलं, कधीपासून? तर म्हणते, ‘तिथंच कळलं. जंगलात. त्यांच्या पोरांबरोबर खेळायचे ना मी, त्यांनी सांगितलं.’"

"मग ती हसायची कशाला?"

"मीही हेच विचारलं." हालिनाबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "ती म्हणाली, ‘आई बघत असायची ना.’"

लांब कुठंतरी गुऱ्हाळाच्या इंजिनाची धडधड चालू होती. मी दगडाकडे बघत राहिले. सात वर्षांची पोर. आईनं आपल्यासाठी रचलेलं खोटं तिनं आईसाठी सांभाळलं होतं.

"‘आईला सांगू नकोस,’ म्हणाली. मी नाही सांगितलं. आईला नाही, नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आई गेल्यावर सांगता आलं असतं. पण ती गोष्ट मला पोलिशमध्ये जमेना. झोशाला जे कळलं ते या भाषेत कळलं होतं, आणि ही भाषा तर मी टाकलेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सकाळी पायरीवरून तू दिसलीस. ती मोठी झाली असती तर अशी दिसली असती, असं वाटलं आणि तोंडातून तोच शब्द गेला. तू हसली नाहीस. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी त्यांचा तळहात घेतला आणि दुपारी तो जिथं टेकता टेकता राहिला होता, तिथं, गालावर, टेकवला. तिथं आईशिवाय कुणी हात लावला नव्हता. हात खरबरीत होता आणि त्याला शेवंतीचा वास येत होता.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात? रूपवान मुलीला?"

"देखणी," मी म्हटलं.

"त्याचं मूळ काय?"

"देखणं म्हणजे बघणं. देखणी म्हणजे जिच्याकडे बघत राहावं अशी."

"म्हणजे जन्माशी काही संबंध नाही?"

"नाही. बघण्याशी आहे."

हे त्यांना फार आवडलं. स्वतःशीच त्यांनी दोनदा मान हलवली. मग शब्द घोळवू लागल्या. "देकनी."

"देखणी. ख. आणि ण म्हणताना जीभ वर, टाळूकडे वळवायची."

"देखनी."

"णी."

"नी."

मी पुन्हा म्हणून दाखवलं, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्या दगडावर वाकल्या, अगदी ओठ टेकतील इतक्या, आणि बहिणीशी पोलिशमध्ये बोलू लागल्या. पुष्कळ बोलल्या. मला त्यातलं फारसं कळलं नाही आणि या वेळी मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. शेवटचा शब्द तेवढा आपला होता.

"देखनी," त्या तिला म्हणाल्या.

ण काही त्यांना जमला नाही. मी सुधारला नाही.